निष्क्रियतेवरच्या अभ्यासात जायचंय? मग आधी सुधारू नका

बसून राहण्याचा शरीरावर काय परिणाम होतो हे तपासणाऱ्या अभ्यासासाठी नाव दिलं आणि तिकडून होकार आला की पुष्कळांच्या अंगात अचानक वारं शिरतं. उद्यापासून पहाटे उठून चालायचं, निदान तिथं गेल्यावर फजिती तरी नको! तयारीतली पहिली गोष्ट म्हणजे हा मोह आवरा. संशोधकांना तुम्ही आज जसे आहात तसेच हवे असता, दिवसभर खुर्चीत आणि दोन मजल्यांसाठी लिफ्टने जाणारे. पहिल्या मोजमापाआधीच तुम्ही रोज तासभर चालायला लागलात, तर पुढे दिसलेला फरक त्यांच्या कार्यक्रमामुळे पडला की तुमच्या लाजेमुळे, हे कुणालाच सांगता येणार नाही. मध्येच खरोखर सवय बदलली असेल तर तसं सरळ कळवून टाका.

मग अभ्यास कोणत्या दिशेचा आहे ते समजून घ्या. एका प्रकारात बसून राहणाऱ्यांना हलतं करतात. दुसऱ्यात हलत्या-फिरत्या माणसांना मुद्दाम बसवतात, आणि तयारी जास्त लागते ती इथे. रोज सुमारे 10,000 पावलं चालणाऱ्या निरोगी तरुणांना दोन-तीन आठवडे साधारण 1,500 पावलांवर आणून ठेवलं, तेव्हा इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावलेला दिसला आणि पायांतलं स्नायूंचं वजनही घटलं. सर्वांत कडक प्रकार पूर्ण अंथरुणाचा. अंतराळवीरांसाठी केलेल्या अभ्यासांत माणसं 60 दिवस डोक्याकडून 6 अंश खाली कललेल्या पलंगावर राहिली आहेत; जेवण, अंघोळ, शौच सगळं आडव्यानेच. 1966 साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं होतं. 30 वर्षांनी त्यांनाच पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की दम टिकवण्याची ताकद इतक्या वर्षांच्या वयाने घटली नव्हती तेवढी त्या तीन आठवड्यांनी घटली होती. म्हणून बसवणारा अभ्यास असेल तर एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: ‘मला पूर्ववत करायची जबाबदारी कुणाची, आणि त्यासाठी किती दिवस धरले आहेत?’ वय झालेल्यांनी तर हे विचारल्याशिवाय सहीच करू नये. गेलेला स्नायू त्या वयात सहज परत येत नाही.

माहितीपत्रक आणि संमतीपत्र घरी आणून निवांत वाचा. तिथल्या तिथे सही करा म्हणणाऱ्यांकडे मी तरी जाणार नाही. एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागींच्या हिताच्या दृष्टीने अभ्यास तपासणाऱ्या समितीची, मंजुरी आहे का, अभ्यासाची सार्वजनिक नोंद झाली आहे का, इजा झाल्यास खर्च कोण करणार, हे त्यात सापडलं पाहिजे. कधीही, कारण न देता बाहेर पडायचा हक्क तुम्हाला असतोच. पण बाहेर पडल्यावर आधी जमा झालेल्या माहितीचं काय होतं आणि मानधन तोवरच्या भेटींपुरतं मिळतं का, ते पाहून घ्या. तपासणीत भलतंच काही आढळलं तर तुम्हाला कळवणार का, हेही. आणि सहभागींचे गट पाडणार असतील तर आपला गट निवडणं तुमच्या हातात नसतं, संगणक जणू चिठ्ठी काढतो. व्यायामाच्या आशेने गेलात आणि ‘आहे तसंच राहा’ असं सांगणारा गट वाट्याला आला तर चालेल का, याचा विचार सहीआधी झालेला बरा. काही ठिकाणी या गटालाही शेवटी तोच कार्यक्रम देतात.

प्रश्नावलीची तयारी म्हणजे प्रामाणिकपणा, दुसरं काही नाही. प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि पुष्कळ अभ्यासांत पात्रतेची रेघ याच्या आसपास असते. अडचण अशी की माणूस आपलं चालणं वाढवून सांगतो आणि बसणं कमी करून. त्यावर सोपा उपाय आहे. मोबाइलमध्ये मागच्या महिन्याची पावलं आपोआप नोंदलेली असतील तर ती पाहून उत्तरं द्या. तेव्हा तुम्हाला अभ्यासाची कल्पनाच नव्हती, त्यामुळे ती नोंद तुमच्या आठवणीपेक्षा खरी. छातीत दुखणं, चक्कर, बेशुद्धी, घरात कमी वयात झालेले हृदयविकार, हे प्रश्न मात्र निवड हुकेल या भीतीने कधीही टाळू नका. चालू औषधं मात्रेसकट कागदावर लिहून न्या, आयुर्वेदिक आणि प्रोटीनची पावडरसुद्धा. नुकतंच रक्तदान केलं असेल तर तेही सांगा. हिमोग्लोबिन उतरलेलं असताना दमाची चाचणी, म्हणजे श्रम करताना दम किती टिकतो ती, कमी आकडा दाखवते.

हालचाल मोजणाऱ्या यंत्राचं म्हणाल तर ते कमरेला तरी बांधतात किंवा मांडीच्या पुढच्या बाजूला पारदर्शक चिकटपट्टीने चिकटवतात, बहुधा आठवडाभर. मांडीवरचं यंत्र तिची दिशा ओळखतं, म्हणून बसलेला माणूस आणि उभा माणूस त्याला वेगळे कळतात. केस असतील तर तेवढ्या जागेवरचे काढावे लागतात, पट्टीने खाज सुटली तर ओढूनताणून सहन करू नका, फोन करा. सोबत वही देतात. झोपलो कधी, उठलो कधी, यंत्र काढलं कधी हे त्याच दिवशी लिहा. रविवारी बसून सगळा आठवडा आठवून लिहिलेली वही संशोधकाला लगेच ओळखू येते, सगळे दिवस सारखेच दिसतात.

चाचणीच्या दिवशीचं आता भराभर. उपाशीपोटी बोलावलं असेल तर रात्रीपासून फक्त पाणी. मधुमेहाच्या गोळ्यांचं काय करायचं ते त्यांनाच विचारा, मनाने चुकवू नका. आदल्या दिवशी दारू नको, दमवणारा व्यायाम नको, चहा-कॉफी कधीपासून बंद ते पत्रकात असतं. साखरेच्या चाचणीत 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाचेक मिनिटांत प्यायचं आणि दोन तास बसून रक्त द्यायचं, तेव्हा वाचायला काही न्या. हाडं-स्नायू मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनसाठी धातूची चेन-बटणं नसलेले कपडे घाला. गर्भधारणेची शंका असेल तर आधीच सांगा.

दमाच्या चाचणीची मात्र कल्पना असू द्या, कारण कधी न पळालेल्या माणसाला तीच घाबरवते. नाका-तोंडावर घट्ट मास्क, छातीवर ईसीजीच्या तारा, आणि सायकलचं पेडल मिनिटामिनिटाला जड होत जातं. मास्कमुळे बोलता येत नाही, म्हणून समोर 6 ते 20 आकड्यांचा तक्ता धरतात आणि किती जड जातंय ते बोटाने दाखवायचं. शेवटचं मिनिट कठीण असतं. छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं, भिडेपोटी एकही फेरा मारायचा नाही.

स्नायूचा तुकडा घेणार असतील तर तो मांडीच्या बाहेरच्या बाजूने, जागा बधिर करून घेतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास हे आठवडाभर आधी बोलून घ्या, पण ती स्वतःहून बंद करू नका. दोन-चार दिवस जिना चढताना पाय ठणकेल, जखम कोरडी ठेवावी लागेल. त्या आठवड्यात प्रवास किंवा जड काम ठेवू नका. घरच्यांनाही ही तारीख सांगून ठेवा. आणि स्वतःचे आकडे हवे असतील तर ते कधी व कोणत्या स्वरूपात मिळतील हे पहिल्या भेटीतच विचारा. काही अभ्यासांत सगळ्यांची मोजमापं संपेपर्यंत ते कुणालाच देत नाहीत, कारण आकडा कळला की माणूस वागणं बदलतो.