वाचनकट्ट्यासाठी युद्धाची पुस्तकं निवडताय? या चुका टाळा

युद्धावरचं पुस्तक ठेवलं की कट्ट्याला गर्दी होते. पुढे मात्र दोनपैकी एक घडतं. एक तर अर्ध्या तासात पुस्तक बाजूला पडून टीव्हीवरच्यासारखी खडाजंगी सुरू होते, नाहीतर सगळे ‘फारच भयंकर हो’ म्हणतात आणि चहाकडे वळतात. दोष सभासदांचा क्वचितच असतो. पुस्तक कोणी लिहिलं, कधी लिहिलं, घटनेपासून किती लांब बसून लिहिलं, हे न बघताच ते यादीत घातलेलं असतं.

‘सत्यघटनेवर आधारित’ला भुलणं

मुखपृष्ठावरचे हे शब्द फार घात करतात. हेदर मॉरिस यांची ‘द टॅटूइस्ट ऑफ ऑशविट्झ’ (२०१८) ऑशविट्झ या नाझी छळछावणीतल्या एका खऱ्या कैद्याच्या मुलाखतींवर बेतलेली आहे. पण ती कादंबरी आहे, आणि तिच्यातल्या तपशिलांच्या चुकांवर ऑशविट्झच्या स्मारक-संग्रहालयानेच जाहीर आक्षेप घेतला होता. खुशाल वाचा, फक्त ती वाचून छळछावणीचा इतिहास कळला असं समजू नका. त्यासाठी प्रिमो लेव्हींचं ‘इफ धिस इज अ मॅन’ (१९४७) आहे. लेव्ही स्वतः ऑशविट्झमध्ये कैदी होते, व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ. पुस्तकभर त्यांचा आवाज चढत नाही, म्हणूनच बोलायला जागा उरते.

बरं, ‘आठवणी’ असं छापलं की त्या आठवणीच, असंही नाही. बिन्यामिन विल्कोमिर्स्की या नावाने १९९५ साली आलेल्या छावणीतल्या बालपणाच्या आठवणींना पुरस्कार मिळाले, आणि नंतर उघड झालं की लेखक स्वित्झर्लंडमध्येच लहानाचा मोठा झाला होता. तेव्हा पुस्तक ठरवण्याआधी लेखकाबद्दल दहा मिनिटं शोध घ्या.

फक्त नाव कळवणं, आवृत्ती न कळवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिचं उत्तम उदाहरण आपल्याच घरात आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फेडायचं म्हणून दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार अशी वार्ता होती. वाटेतच १८५७चं बंड पेटलं आणि झाशी पडली तेव्हा भटजी शहरात अडकलेले होते. ‘माझा प्रवास’ त्यांनी लिहिलं मात्र सुमारे पंचवीस वर्षांनी. चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७मध्ये छापलं, तेही भाषेवर हात फिरवून आणि काटछाट करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती यायला १९६६ उजाडलं.

ग्रुपवर नुसतं ‘या महिन्यात माझा प्रवास’ असा मेसेज टाकला, की निम्मे लोक वैद्यांचे गोडसे घेऊन येतात, निम्मे पोतदारांचे. एक जण परिच्छेद वाचून दाखवतो, दुसऱ्याला तो सापडतच नाही. मेसेजमध्ये संपादक, प्रकाशक आणि साल लिहा, जमल्यास मुखपृष्ठाचा फोटोही टाका. ॲन फ्रँकच्या डायरीचीही तीच गत. तिने स्वतःच १९४४मध्ये ती छापण्याच्या विचाराने नव्याने लिहायला घेतली होती, आणि १९४७ साली प्रसिद्ध करताना वडिलांनी काही मजकूर गाळला. हातातला अनुवाद कोणत्या आवृत्तीवरून झालाय ते आधी बघून घ्या.

गोडशांकडे परत येतो, कारण चर्चा कुठे अडते हे तिथे छान दिसतं. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी थकलेली राणी भेटते. भटजी पाणी काढायला पुढे होतात, ती त्यांना थांबवते आणि दोर स्वतः हातात घेते. हा प्रसंग वाचला की सगळे हळवे होतात आणि सभा तिथेच संपते. तसं होऊ देऊ नका. पंचवीस वर्षांनी हे संभाषण जसंच्या तसं कसं आठवलं? मधल्या काळात राणीची जी कीर्ती झाली तिचा रंग चढला असेल का? त्याच पुस्तकात झाशीच्या लुटीचं वर्णन आहे. लुटीतही क्रम होता: आधी सोनंनाणं, मग तांब्यापितळेची भांडी, मग उरलंसुरलं. हा हिशेबी तपशील कसा काय पक्का राहिला? हे दोन उतारे शेजारी ठेवा, तास पुरणार नाही.

जाडजूड कादंबरी एका महिन्यात

विश्वास पाटलांची ‘पानिपत’ एका महिन्यासाठी ठेवली की निम्मे लोक शंभर पानं वाचून येणार, हे ठरलेलं. तिला दोन महिने द्या, आणि सोबत नाना फडणवीसांचं छोटंसं आत्मचरित्र. १४ जानेवारी १७६१ला नाना पानिपतावर होते, विशीही पुरी झाली नव्हती. तिथून जीव घेऊन पळाल्याची, आई हरवल्याची हकीकत त्यांनी लिहिली आहे, शौर्याचा आव न आणता. पलीकडच्या छावणीतला साक्षीदार हवा असेल तर अब्दालीच्या बाजूने लढलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांचा वृत्तांत आहे. या दोघांपुढे ठेवल्यावर कादंबरीकाराने स्वतःचं काय उभं केलंय ते कळतं.

सेनापतीचंच खरं मानणं

अधिकाऱ्याच्या आठवणींत साक्ष असते, तसा बचावही. ब्रिगेडियर जॉन दळवींचं ‘हिमालयन ब्लंडर’ (१९६९) जरूर घ्या. १९६२मध्ये ते चीनच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडले होते, त्यामुळे संताप ओळीओळीत आहे. पण दिल्लीतल्या कोणावर काय खापर फुटतंय आणि ते कोण फोडतंय, हे विचारल्याशिवाय सभा संपवू नका. अशा पुस्तकांवर गाडी हमखास आजच्या राजकारणावर घसरते. त्यावर साधा नियम लावा: मुद्दा मांडायचा तर पान नंबर सांगायचा.

लढाई नाही म्हणून बाद

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (१९३९) तोफ धडाडत नाही. आहे ती युरोपातून निघालेली एक बोट आणि तिच्यावरचे परागंदा ज्यू. पानं थोडी, वाद भरपूर. नव्या कट्ट्याने माझ्या मते इथूनच सुरुवात करावी.

कोणाच्या घरचं माणूस सैन्यात असेल तर पुस्तक ठरवण्याआधी त्यांना फोन करा. भर सभेत ‘काकू, तुम्ही सांगा ना, कारगिलच्या वेळी कसं वाटलं?’ असं विचारू नका. सांगायचं असेल तर त्या आपणहून सांगतील.

आणि प्रतींचं आधी बघा. जुन्या आठवणींची पुस्तकं दुकानात सहज मिळत नाहीत, ग्रंथालयात एखादीच प्रत असते आणि तीही कुणीतरी नेलेली असते. जानेवारीत पानिपत ठेवायचं असेल तर ग्रंथपालांना दिवाळीआधीच विचारून ठेवा.