चीन आणि युरोपीय संघ : रबर आयातीची तुलना करताना बेरीज कुठे फसते

एका देशाची रबर आयात एखाद्या प्रदेशाच्या आयातीशी ताडून पाहण्याचे काम ज्यांच्याकडे नुकतेच आले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. एचएस कोड आणि सीआयएफ मूल्य म्हणजे काय, हे ठाऊक आहे असे गृहीत धरतो. उदाहरण चीन आणि युरोपीय संघाचे घेतो. चीनमध्ये हैनान आणि युन्नानात रबराची लागवड होते, पण तिथल्या टायर कारखान्यांच्या भुकेपुढे ती तोकडी पडते. युरोपला तर जवळजवळ सगळेच नैसर्गिक रबर बाहेरून आणावे लागते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यापायी माझी रात्रीची झोप उडाली होती. प्रदेशाची आयात म्हणजे सदस्य देशांच्या आयातींची बेरीज नव्हे. समजा, आयव्हरी कोस्टच्या आबिजान बंदरातून निघालेले १,००० टन रबर बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात उतरले, आयातीचे सोपस्कार तिथेच झाले आणि नंतर तो माल जर्मनीतल्या कारखान्यात गेला. बेल्जियमच्या खात्यात १,००० टन लागले, जर्मनीच्याही खात्यात १,००० टन लागले. तुमची बेरीज २,००० टन दाखवते, प्रत्यक्षात संघात १,००० टनच आले आहेत. मात्र तोच माल पारगमनात राहून थेट जर्मनीत सोडवला गेला, तर बेल्जियम त्याची आयात म्हणून नोंद करत नाही आणि बेरीज बरोबर येते. म्हणजे चूक ठरावीक प्रमाणात होत नाही, त्यामुळे अमुक टक्के वजा करून ती दुरुस्तही होत नाही. ‘अंदाजाने थोडे कमी कर’ असा सल्ला मलाही मिळाला होता. असा सल्ला देणाऱ्या मार्गदर्शकाने ती कोष्टके स्वतः कधी उघडलेली नसतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

सदस्य देशांमधल्या व्यापाराच्या ओळी गाळल्या की झाले, असेही समजू नका. भागीदार देशाच्या रकान्यात कुठे मालाचा मूळ देश असतो, तर कुठे माल जिथून पाठवला तो देश. त्यामुळे जर्मनीत आलेल्या त्याच मालापुढे एका कोष्टकात बेल्जियम दिसेल आणि दुसऱ्यात आयव्हरी कोस्ट. यावर उपाय सोपा आहे, आणि त्याने खरोखर निभावते : युरोस्टॅटमध्ये (युरोपीय संघाच्या सांख्यिकी कार्यालयाच्या कोष्टकांत) संपूर्ण संघ हाच नोंद करणारा घटक निवडावा आणि भागीदार म्हणून फक्त संघाबाहेरचे देश घ्यावेत. ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडले, म्हणून सर्व वर्षांसाठी २७ देशांचीच मालिका वापरावी.

चीनच्या बाजूची अडचण वेगळी आहे. ४००१ या, म्हणजे नैसर्गिक रबराच्या, शीर्षकाखालचे आकडे घेऊन थांबलात, तर चीनची आयात बरीच कमी दिसेल. नैसर्गिक रबरात थोडे कृत्रिम रबर मिसळलेला माल ४००२.८० खाली येतो, आणि करसवलतीमुळे चीनमध्ये तो मोठ्या प्रमाणावर मागवला जातो. त्याआधी हेच काम ४००५ खालचे कंपाउंड रबर (इतर द्रव्ये मिसळलेले रबर) करत असे. २०१५ मध्ये त्यातील कच्च्या रबराच्या प्रमाणावर मर्यादा आली आणि व्यापार शेजारच्या कोडवर सरकला. हे कोड चीनसाठी धरले, तर युरोपसाठीही धरावेत, नाहीतर तुलना लंगडी होते.

तुलना वजनावर करावी. २०११ मध्ये रबराचे भाव विक्रमी चढले होते, आणि मूल्याचा आलेख त्या वर्षी जे सांगतो ते टनांचा आलेख सांगत नाही. तयार आलेख देणाऱ्या संकेतस्थळांवर माझा भरवसा नाही, कारण कोणते कोड धरले हे ती क्वचितच उघड करतात. लॅटेक्स, म्हणजे रबराचा द्रवरूप चीक, ४००१.१० खाली असते. संहत लॅटेक्समध्ये कोरडे रबर सुमारे ६० टक्के असते, हेही हिशेबात घ्यावे.

शेवटी, नैसर्गिक रबराचा सर्वांत मोठा निर्यातदार असलेल्या थायलंडच्या निर्यातीशी ताळा करून पाहावा. तो तंतोतंत जुळणार नाही, आणि त्याने घाबरून जाऊ नये. डिसेंबरात निघालेले जहाज जानेवारीत पोहोचते, एवढ्यानेही वर्षाचे आकडे हलतात. तेवढा फरक तसाच राहू द्यावा आणि कोष्टकाखाली तळटीप लिहावी.