गावात आई-बापांसाठी पैसा, आहार आणि लेकरांवर बैठका घ्यायच्यात? मग आधी हे वाचा

बचत गटाचं काम करणाऱ्या ताया, अंगणवाडी सेविका, शाळेतले सर-मॅडम, गावातली शिकलेली पोरं-पोरी, यांच्यापैकी कुणालाही आपल्या गावात पालकांसाठी काही सुरू करायचं असेल तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. घरखर्च कसा भागवायचा, लेकरांना काय खाऊ घालायचं, त्यांना वाढवायचं कसं, असे विषय. डोळ्यासमोर मराठवाड्यातली गावं आहेत, सोयाबीन-कापसाची आणि ऊसतोडीला जाणारी. तुमच्याकडं पिकं आणि महिने वेगळे असतील, पद्धत चालेल.

सगळ्यात आधी एक सांगते, हे तीन विषय तीन वेगळे कार्यक्रम म्हणून घेऊ नका. पैशावर बँकेचे साहेब, आहारावर सेविका आणि मुलांवर शाळेत पालकसभा असं आपल्याकडं चालतं, पण घरात ते वेगळं नसतंच. नवरा-बायको दसरा-दिवाळीला तोडीला जातात, मुकादमाची उचल, म्हणजे तोडीच्या कामापोटी आधीच घेतलेले पैसे, तर पावसाळ्यातच घेऊन संपलेली असते, लेकरं आजीकडं राहतात, आजीच्या हातात रोख पैसा नाही म्हणून किराणा उधारीवर, दुकानातून पोरगं पाच रुपयांचा खाऊचा पुडा घेऊन येतं आणि त्याच्यावरच पोट भरतं, मग सारखं आजारी, मग दवाखाना, दवाखान्यासाठी परत शेकड्यानं, म्हणजे महिन्याला शंभरामागे ठरलेल्या व्याजानं पैसे. आता यातला पैसा कुठला, आहार कुठला आणि पालकत्व कुठलं, सांगा बरं? म्हणून एका बैठकीत एकच प्रश्न घ्या, पण तो तिन्ही बाजूंनी बघा.

आता गरज ओळखायची कशी. "तुम्हाला काय शिकायला आवडेल?" असं विचारलं की बायका एकमेकींकडं बघतात आणि कुणीतरी शिलाई मशीन म्हणते. त्याऐवजी घडून गेलेलं विचारा. मी चिंचोके वापरते. जमिनीवर खडूनं गोल काढायचे, किराणा, दवाखाना, शाळा, हप्ते, बी-बियाणं, आहेर-लग्न, मोबाईल, तंबाखूच्या पुड्या-दारू, आणि एक रिकामा गोल, तिथं त्यांना वाटेल ते. शंभर चिंचोके म्हणजे घरात वर्षभरात येणारा सगळा पैसा, आता वाटा म्हणायचं. आकडा विचारायचाच नाही, कारण कमाई किती हे कुणी चारचौघीत सांगत नाही आणि सांगायला लावूही नये. "आमचं कसलं बजेट ताई, आलं तसं गेलं" म्हणणारी बाई पाच मिनिटात दुसरीच्या गोलातले चिंचोके उचलून इकडं ठेवायला लागते, आणि हप्त्यांचा ढीग किराण्याएवढा झालेला दिसला की बोलायला सुरुवात होते. तेव्हा तुम्ही गप्प बसायचं आणि ऐकायचं.

दुसरं, कालच्या दिवसाचं जेवण विचारा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लेकरानं काय काय खाल्लं, चहासकट, बिस्कीट-खारीसकट. आणि शेवटी विचारा की तुम्ही कधी जेवलात आणि तेव्हा कोरड्यास, म्हणजे भाजी-आमटी, उरलं होतं का. गरोदर बाई, अंगावर पाजणारी बाईसुद्धा सगळ्यांच्या मागून चटणी-भाकरीवर भागवते, हे तुम्ही सांगायची गरज पडत नाही, त्या स्वतःच बोलतात.

तिसरं वर्षाचं कॅलेंडर. भिंतीला कागद लावा, बारा महिने, आणि चार खुणा, पैसा कधी येतो, कधी जातो, आजारपण कधी जास्त, आणि घरात लेकरांजवळ कोण असतं. बहुतेक गावात हेच निघतं की सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास येतो, तूर जानेवारीकडं, तोडीवाले मार्च-एप्रिलमधी परत येतात, जूनमधी पेरणी आणि शाळा दोन्ही खर्च एकदम आणि खिसा रिकामा, जुलै-ऑगस्टमधी हगवण-ताप. या कागदावरूनच तुमच्या वर्षभराच्या बैठका ठरतात. जूनमधी बचतीवर बोलाल तर कुणी ऐकणार नाही, कारण बचतीला काही नसतंच, दिवाळीआधी बोललात तर ऐकतील.

मग दिवाळीआधीच्या बैठकीत काय सांगायचं? पैसा हातात आला त्याच आठवड्यात जूनचा वाटा बाजूला. पोस्टाची आरडी, म्हणजे हप्त्या-हप्त्यानं बचत, चांगली, पण ती दर महिन्याला भरावी लागते आणि आपल्याकडं पैसा दर महिन्याला येत नाही, म्हणून ज्यांचं उत्पन्न हंगामी आहे त्यांनी बँकेत सहा-सात महिन्यांची छोटी एफडी (मुदत ठेव) करावी, मे अखेरीला मुदत संपेल अशी. लाडक्या बहिणीचे दीड हजार ज्यांना येतात त्यांनी त्यातून मुलीचं सुकन्या खातं, म्हणजे मुलीच्या नावाचं सरकारी बचत खातं, चालवता येतं का बघावं, मुलगी दहा वर्षांच्या आत असली तरच खातं निघतं, वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरले तरी चालू राहतं आणि पंधरा वर्षं भरायचं असतं. पण अंगावर शेकड्याचं कर्ज असेल तर आधी ते फेडायचं, ही गोष्ट बँकवाले सांगत नाहीत म्हणून तुम्ही सांगा.

कर्जावर एक अख्खी बैठक द्या, खरंच द्या. "शेकडा पाच" सगळ्यांना माहितीये पण वर्षाला ते साठ टक्के होतात हे मांडून दाखवल्यावर बायका गार पडतात. आणि त्याहून महत्त्वाचं, दर सारखा असला तरी व्याज सारखं नसतं. हे उदाहरण पाठ करून ठेवा. दहा हजार रुपये, बारा महिने, दोघीकडं महिना दोन टक्के. पहिलीला व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजारावरच लावलं, तिचं व्याज झालं २,४०० रुपये. दुसरी दर महिन्याला मुद्दल फेडत जाते तसं व्याज उरलेल्या मुद्दलावरच लागतं, पहिल्या महिन्यात २००, मग १८३, असं उतरत शेवटच्या महिन्यात १७, तिचं एकूण व्याज १,३००. बारा चिंचोके मांडा, एकेक उचलत जा, अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळतं. मग प्रत्येकीनं आपलं कर्जाचं कार्ड घेऊन यायचं आणि विचारायचं, माझं व्याज कशावर लावलंय?

फायनान्सच्या ग्रुप लोनबद्दल रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम आहेत, ते कागदावर लिहून भिंतीला लावा. कर्जाचं कार्ड तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळालं पाहिजे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होतील असं कर्ज त्यांनी द्यायचंच नाही. आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी न् संध्याकाळी सहानंतर त्रास द्यायचा नाही. रात्री आठला दारात येऊन बसणाऱ्याला हे सांगायला गटातल्या चार बायका सोबत उभ्या राहिल्या तर आवाज येतो, एकटीला येत नाही.

विम्याचं मे महिन्यात. तोडीवाले तेव्हा गावात असतात आणि दोन सरकारी विम्यांचे पैसे मे अखेरीला खात्यातून कापतात, जीवन ज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २०. म्हणजे ४५६ रुपये खात्यात शिल्लक पाहिजेत, नाहीतर विमा बंद पडतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. जीवन ज्योतीत ५० वयापर्यंत नाव घालता येतं, सुरक्षा विमा ७० पर्यंत. दोन्हीत दोन-दोन लाखांचं कवच, सुरक्षा विमा फक्त अपघाताचा. घरातल्या दुसऱ्या माणसाला पासबुक दाखवून "हे कापलं जातं" असं सांगून ठेवायचं, वारस कोण लावलाय ते पण.

आता आहार. इथं भाषण अजिबात नको, करून दाखवा. वरणाचं पाणी ही आपल्याकडची फार मोठी अडचण आहे, सहा महिन्यांच्या बाळाला आई मायेनं वरचं पिवळं पाणी पाजते आणि खालची डाळ बाकीचे खातात. बैठकीत दोन वाट्या न्या, एकात ते पाणी आणि एकात घट्ट वरणात कुस्करलेली मऊ भाकर, वरून चमचाभर तेल किंवा दाण्याचा बारीक कूट. चमच्यात घ्या आणि चमचा तिरका करा. पाणी लगेच खाली सांडतं, घट्ट घास चमच्याला धरून राहतो. चमच्यावर थांबतं तेच बाळाच्या अंगाला लागतं, एवढं एक वाक्य पुरे. एका आजीनं तिथंच सुनेला सांगितलेलं मी ऐकलंय, "उद्यापासून खालचं ढवळून काढ".

बाकी माहिती अशी. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणी-घुटी-मध काही नाही, मध तर वर्षाच्या आत नकोच. सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. नऊ महिन्यांनंतर तीनदा जेवण आणि मधी एखादा खाऊ. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी, तीन-चारदा, आणि दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. महाग काही लागत नाही, मोडाची मटकी, शेवग्याचा पाला, हरभऱ्याची भाजी, अंडं, पावसाळ्यात तांदुळजा-घोळ बांधावरच मिळते. हिरव्या भाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाबरोबर चहा नको, तासभर तरी अंतर ठेवा, नाहीतर भाजीतलं लोह अंगाला लागत नाही.

लेकराच्या दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची पट्टी सेविकेकडं असते, सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांसाठी. साडेबारा सेंटीमीटरच्या खाली पिवळं म्हणजे मध्यम कुपोषण, साडेअकराच्या खाली लाल म्हणजे तीव्र. लाल आलं तर त्याच दिवशी सेविका-आशाताईसोबत दवाखान्यात, घरगुती उपाय करत बसायचं नाही. आणि हे सगळ्यांसमोर मोजू नका, आईला लाज वाटते आणि पुढच्या वेळी ती येत नाही.

लेकरांच्या पाच रुपयांच्या खाऊच्या पुड्यांसाठी मला आवडणारी एक गोष्ट, मुलांनाच सांगा की आठवडाभर रिकामी पाकिटं जमवा. शनिवारी शाळेत ओतून मोजायची, गुणिले पाच रुपये. रोज दोन पुडे म्हणजे महिन्याला तीनशे, तेवढ्यात घरात शेंगदाणे, गूळ, फुटाणे आणि अंडी येतात. दुकानदाराशी भांडू नका, तो पण गावातलाच आहे, त्याला शेंगदाण्याच्या लहान पुड्या बांधून ठेवायला सांगा.

ज्या घरातून माणसं तोडीला जातात तिथं सहा महिने खरे पालक आजी-आजोबा असतात, त्यांची बैठक वेगळी घ्या, बहुतेक कार्यक्रमात त्यांना कुणी बोलावतच नाही. जायच्या आधी आई-बापांकडून तीन गोष्टी करून घ्या. आजीच्या नावावर किंवा हातात महिन्याची ठरलेली रक्कम. फोनची ठरलेली वेळ, आणि फोनवर नुसतं "अभ्यास केला का" नाही, आज काय खाल्लं, कुणाशी खेळला, कशाचं रडू आलं हे विचारायचं. तिसरं, दुखलं-खुपलं तर कुणाला हाक मारायची ते नाव. लेकरं सोबत नेणार असतील तर सेविकेला आधी कळवा, ती स्थलांतराची नोंद करते म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत पोषण आणि लस मिळायला सोपं जातं. लसीचं कार्ड, रेशनकार्ड आणि ओआरएसची (हगवणीत पाण्यात घालून पाजायच्या मीठ-साखरेच्या पुडीची) पाकिटं सामानात पाहिजेत, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं-अर्धं करायचं नाही. हगवणीत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, मधीच थांबलं तरी पूर्ण करायच्या. हंगामी वसतिगृह, म्हणजे आई-बाप तोडीला गेले की लेकरांची गावातच राहायची सोय, मिळणार का याची चौकशी मुख्याध्यापकांकडं गाडी भरायच्या दिवशी नाही, पंधरा-वीस दिवस आधी.

बाप लोक बैठकीला येत नाहीत म्हणून सोडून देऊ नका. ते संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला येतातच, तिथं दहा मिनिटं बोला, खुर्च्या-बॅनर काही नको. एकच काम द्या, जेवताना स्वतःचा फोन बाजूला ठेवायचा आणि लेकराला शेजारी घेऊन जेवायचं, जमलं तर झोपताना पाच मिनिटं गप्पा. मारण्याचा विषय "मारू नका" असं म्हणून सुरू करू नका, "तुमच्या लहानपणी मार खाल्ल्यावर काय वाटायचं" असं विचारा, पुरुष फार मनापासून बोलतात.

बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवा, खुरपणीच्या दिवसात दुपारी कुणी येणार नाही, रात्री जेवणं झाल्यावर येतील. लहान लेकरं सांभाळायला एक मुलगी ठेवा, तिला खडू-गोट्या द्या. दारूबद्दल कुणाच्या नवऱ्याचं नाव निघालं तर तिथंच थांबवा आणि नंतर एकटीशी बोला. योजनेचं "मिळवून देते" असं कधी म्हणायचं नाही, "कुठं अर्ज करायचा ते बघू" म्हणायचं. आणि वहीत भाषण काय झालं ते लिहू नका, कुणी काय करायचं ठरवलं ते लिहा, म्हणजे कार्ड तपासणार, घट्ट वरण देणार, खात्यात ४५६ ठेवणार, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात तिथूनच करा, एकेकीला विचारत, जमलं का, नाही जमलं तर कुठं अडलं.