सेप्टिक टँकमधून सुटका: पथकाचा सराव असा घ्या

टाकीत एक जण कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि त्याच्या शेजारी आडवा होतो. म्हणून सरावाची सुरुवात उतरण्यापासून करू नका. आधी तोंडाशी थांबायला शिकवा, मग न उतरता वर ओढायला.

उघड्या हवेत गॅस मीटर सुरू करा. ऑक्सिजन २०.९ टक्के दिसायला हवा. मग पंपाची नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजा, कारण मिथेन वर तरंगतो, हायड्रोजन सल्फाइड खाली बसतो. नळीतून हवा मीटरपर्यंत यायला वेळ लागतो, तेव्हा प्रत्येक थरावर निदान दोन मिनिटं थांबा. घाई केली तर तळाचा म्हणून वरचाच आकडा वाचाल. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वलनशील वायू एलईएलच्या (ज्या किमान प्रमाणात वायू पेट घेऊ शकतो त्या मर्यादेच्या) १० टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएमखाली (दहा लाख भागांत १० भागांखाली) हवा. ऑक्सिजन फारच कमी असेल तर एलईएलचा आकडा खोटा कमी दिसतो. म्हणून आधी ऑक्सिजन वाचा. नाकावर तर मुळीच विसंबू नका, १०० पीपीएमच्या आसपास सडक्या अंड्यांचा वास येणंच बंद होतं.

आकडे ठीक आले तरी मीटर चालूच ठेवा. गाळात पाय पडला की अडकलेला वायू भसकन वर येतो.

ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडा आणि हवा ओढणारं तोंड जनरेटरच्या धुरापासून दूर ठेवा. ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

उतरावंच लागलं तर बीए सेट, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून मास्कमध्ये हवा देणारा संच, लावूनच. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बारला भरला की सुमारे २,००० लिटर हवा मिळते. ५० बार राखून १,७०० उरते. धापा टाकत मिनिटाला ६० लिटर ओढली तर जेमतेम २८ मिनिटं. परतीचा वेळ त्यातलाच.

माणूस वर ओढायला टाकीच्या तोंडावर उभा केलेल्या ट्रायपॉडचे (तिकाटण्याचे) पाय साखळीने जखडा. दोर कमरेला बांधू नका. माणूस मधोमध दुमडतो आणि झाकणाच्या तोंडात अडकतो. पूर्ण अंगाच्या हार्नेसची पाठीवरची किंवा खांद्यांवरची कडी वापरा, म्हणजे तो उभा वर येतो. सराव कोरड्या, स्वच्छ टाकीत ७५ किलोच्या पुतळ्यावर करा आणि अंधारातल्यासारखं काही दिसू नये म्हणून सराव करणाऱ्याच्या मास्कची काच कागदाने झाका. विंच (दोर गुंडाळून वर ओढणारं चाक) फिरवणाऱ्याने त्या वेळी दुसरं काहीच करायचं नाही.

वर काढल्यावर तोंडाने श्वास देऊ नका, बॅग-मास्क (हाताने पिशवी दाबून श्वास देणारा मास्क) वापरा. १०८ ला फोन मात्र झाकण उघडतानाच गेलेला असावा.