पावसात भिजलेली शॉटगन: घरी आल्यावर काय, कोणत्या क्रमाने करावे

शॉटगन झिजते ती गोळ्या झाडून नव्हे, झाडून झाल्यावर तशीच पडून राहिल्याने. हजारो काडतुसे उडवलेली नळी ठणठणीत असते. पण भर पावसात दिवसभर क्ले (हवेत उडवलेल्या निशाण्याच्या तबकड्या) मारून आल्यावर बंदूक ओल्या खोळीतच राहिली, तर सकाळी रिबच्या (नळीवर लांबीभर बसवलेल्या पट्टीच्या) कडेने तांबूस रेघ दिसू लागते. ती एकदा आली की पुसता येते, पण तिने पोलादात पाडलेले बारीक खड्डे पुसता येत नाहीत, आणि पुढच्या वेळी गंज पहिल्यांदा तिथेच धरतो.

म्हणून या कामात क्रमाला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. आधी पाणी काढायचे, मग काजळी, आणि तेल सर्वांत शेवटी, तेही हात आखडता घेऊन. दमून घरी आलेला माणूस बहुधा उलटे करतो: वरून तेलाचा फवारा मारतो आणि बंदूक कपाटात उभी करतो. त्याने पाणी जात नाही, ते तेलाखाली झाकले जाते. पुढे सांगितलेले मधून मोडून उघडणाऱ्या दुनळी बंदुकीसाठी आहे, नळ्या शेजारी-शेजारी असोत की एकावर एक. पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या ऑटोलोडर बंदुकीबद्दल नंतर थोडे वेगळे सांगतो.

रिकामी आहे, हे पुन्हा पाहा

मैदानावरून निघताना पाहिले होते, हे कारण घरी चालत नाही. बंदूक उघडा, दोन्ही चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहा, आणि उजेडाकडे धरून दोन्ही नळ्यांतून आरपार बघा. काडतुसे या खोलीत नकोत, दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा.

याच वेळी जॅकेटचे खिसेही रिकामे करा. ओले जॅकेट वाळत टाकायचेच आहे, पण खरे कारण वेगळे आहे. १२ बोअर आणि २० बोअर (बोअर म्हणजे नळीचे माप, २० ची नळी १२ पेक्षा लहान) अशा दोन्ही बंदुका वापरणाऱ्या घरात एखादे २० बोअरचे काडतूस खिशाच्या तळाशी राहून जाते आणि पुढच्या वेळी घाईत १२ बोअरच्या चेंबरमध्ये पडते. ते तिथे थांबत नाही, घसरून पुढे नळी जिथे अरुंद होते तिथे अडकते. मागून चेंबर रिकामे दिसते, वर १२ बोअरचे काडतूस भरले जाते, आणि चाप ओढताच नळी फाटते. २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगात येतात ती याच धोक्यामुळे. रंगावर विसंबू नका, खिशात दोन बोअर कधीच एकत्र ठेवू नका.

सुटी करा आणि थोडी थांबू द्या

आधी फोरएंड (नळ्यांखालचा, पुढच्या हाताने धरायचा लाकडी भाग) काढा, मग नळ्या. ओलाव्याने लाकूड फुगलेले असते, त्यामुळे फोरएंड नेहमीपेक्षा घट्ट येईल. पकड नीट मोकळी करून सरळ ओढा, पिळून किंवा ठोकून काढू नका. थंड हवेतून उबदार खोलीत आणलेल्या पोलादावर खोलीतल्या हवेतले बाष्प जमते. तेव्हा पहिल्यांदा पुसून झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने धातूवरून पुन्हा कोरडे कापड फिरवायचे आहे, हे लक्षात असू द्या.

बंदूक हीटरजवळ, चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नका. धातूला त्याने काही होत नाही, पण दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड बाहेरून भराभर सुकते आणि आतून ओलेच राहते. मग ते वाकते किंवा ॲक्शनला (नळ्या आणि दस्ता यांच्यामधल्या यंत्रणेच्या धातूच्या भागाला) भिडते तिथे चिरते. खोलीतल्या हवेत सावकाश सुकू द्यावे.

पाणी कुठे लपते

नळीचा बाहेरचा भाग सगळेच पुसतात. पाणी राहते ते रिबच्या खाली. वरच्या रिबला झरोके असतील तर प्रत्येक झरोक्यातून शोषक कागदाची पट्टी किंवा पाइप क्लीनर आरपार ओढा. दोन नळ्यांमधल्या बाजूच्या पट्ट्यांनाही झरोके असतात, तिथेही तेच. त्यानंतर नळ्या तोंडाकडून खाली करून टॉवेलवर उभ्या ठेवा आणि हलकेच टिचक्या मारा; थेंब बाहेर येतील.

मग इजेक्टर, म्हणजे रिकामी काडतुसे बाहेर फेकणारे भाग. ते बाहेर ओढून त्यांच्या मागची खाच कोरडी करा. फोरएंडच्या आतली लोखंडी पट्टी, दस्त्याच्या बुडाच्या रबरी पॅडची कड, चापाभोवतीची कमान आणि उघडण्याच्या खटक्याखालची फट या जागाही सुटतात. या कानाकोपऱ्यांसाठी पाणी ढकलून लावणारा फवारा उपयोगी पडतो. डब्ल्यूडी-४० हा मुळात त्याच कामासाठी बनला, नावातला डब्ल्यूडी म्हणजे ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’. पण त्याला बंदुकीचे तेल समजू नका. मारा, पाणी बाहेर येऊ द्या, पुसून टाका. ॲक्शनच्या आत तो वारंवार मारत राहिले की धूळ आणि काजळी धरून चिकट थर साठतो.

खाडीकाठी किंवा समुद्राजवळ बंदूक खाऱ्या पाण्यात पडली, तर हिशेब वेगळा. नुसते पुसून मीठ निघत नाही. सुट्या नळ्या गोड्या पाण्याने धुवा, कोरड्या करा, पाणी हटवणारा फवारा मारा आणि ॲक्शन लगेच बंदुकीच्या कारागिराकडे न्या, आठवड्याने नव्हे. साध्या पाण्यात पूर्ण बुडालेल्या बंदुकीलाही हेच लागू. दस्ता काढून आतले पाणी काढणे त्याचे काम आहे. घरच्या स्क्रूड्रायव्हरने बारीक खाचेचे स्क्रू फिरवले की खाचा चिरडतात, आणि साइडलॉक बंदुकीच्या (जिची चापाची यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली असते तिच्या) बाबतीत तर मी कोणालाही घरी पट्टी उघडायला सांगणार नाही.

नळीच्या आतले काम

इथे खिडकी उघडा आणि हातात नायट्राइलचे मोजे घाला. काजळीत शिसे असते. हे काम स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलावर करू नका, आणि झाल्यावर काही खाण्यापूर्वी हात साबणाने धुवा. वापरलेल्या चिंध्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा बेताने टाका.

शॉटगनच्या नळीत तीन प्रकारचा मळ असतो: दारूची काजळी, काडतुसातल्या प्लास्टिक वॅडचा (दारू आणि छर्रे यांच्यामधल्या तुकड्याचा) वितळून चिकटलेला थर, आणि शिशाच्या रेघा. काजळी सहज जाते. उरलेले दोन चेंबरच्या पुढच्या निमुळत्या भागात आणि तोंडाजवळच्या चोकमध्ये (नळीच्या किंचित अरुंद केलेल्या टोकात) घट्ट बसतात, म्हणून मेहनत तिथेच करायची. रायफलसाठी मिळणारी अमोनियायुक्त द्रावणे तांबे काढण्यासाठी असतात. शॉटगनच्या नळीत तांब्याचा थर बसतच नाही, तेव्हा त्यांची गरज नाही.

आधी शोषक कागदाचा किंवा जुन्या वर्तमानपत्राचा घट्ट बोळा करून गजाने चेंबरकडून तोंडाकडे ढकला. पाणी आणि सुटी काजळी एका फेरीत बाहेर येते. हा जुना उपाय अजूनही मला सर्वांत चांगला वाटतो, कारण त्यानंतर ब्रश लवकर घाण होत नाही. मग नळीत शॉटगनचे सॉल्व्हंट (मळ विरघळवणारे द्रावण) लावा आणि दहा-पंधरा मिनिटे मुरू द्या. लोक इथे घाई करतात आणि मग तासभर घासत बसतात.

आता फॉस्फर ब्राँझचा ब्रश, बंदुकीच्या बोअरचाच. १२ बोअर म्हणजे एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातल्या एकाचा व्यास, सुमारे १८.५ मिलिमीटर. २० बोअर सुमारे १५.६ मिलिमीटर. म्हणजे आकडा वाढतो तशी नळी लहान होते. .४१० हा अपवाद, तो इंचातला व्यास आहे. लहान ब्रश नळीत नुसता फिरतो, घासत नाही. ब्रश पूर्ण बाहेर काढून मगच परत ओढा, नळीच्या मध्ये दिशा बदलली तर तो अडकतो. चेंबरला वेगळा, थोडा मोठा ब्रश मिळतो. तो घ्यावा, कारण रिकामी काडतुसे अडकून बसण्यामागे बहुतेक वेळा चेंबरमधला मळ आणि बारीक गंज असतो.

मग कोरड्या चिंध्या, शेवटची स्वच्छ निघेपर्यंत. निघाल्यावर नळी उजेडाकडे धरून सावकाश फिरवा. लांबट करड्या रेघा दिसल्या तर शिसे राहिले आहे, पुन्हा सॉल्व्हंट. आत गोल कड्यासारखी सावली दिसली आणि ती घासून जात नसेल तर नळी फुगली असण्याची शक्यता आहे. बाहेरून त्याच जागी बोट फिरवून पाहा, आणि कारागिराने पाहीपर्यंत त्या बंदुकीतून एकही काडतूस झाडू नका.

चोक बदलता येणारा असेल तर तो काढा. आटे टूथब्रशने साफ करा, नळीतले आटेही पुसा, आट्यांना चोक ग्रीसचा पातळ हात द्या आणि हाताने घट्ट बसवा. वर्षभर न काढलेला ओला चोक असा जाम होतो की तो काढताना नळीच जखमी होते. चोक न बसवता बंदूक झाडू नये, उघड्या आट्यांची नासाडी होते.

ॲक्शन आणि लाकूड

ॲक्शनच्या समोरच्या सपाट भागावर, फायरिंग पिनच्या (काडतुसावर आदळणाऱ्या पिनच्या) छिद्रांभोवती, काळे वर्तुळ असते. टूथब्रश आणि सॉल्व्हंटचा एक थेंब पुरे. छिद्रांत तेल ओतू नका. नळ्या ज्या खिळीवर फिरतात ती खीळ आणि तिच्यावर बसणारी खाच यांवरचे जुने काळे ग्रीस पूर्ण पुसून काढा. त्यात मिसळलेली धूळ पोलाद घासून काढते. नवे ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढे लावा. इथे तेल नको, ग्रीसच. दाबाखाली तेल टिकत नाही.

लाकूड कोरड्या कापडाने पुसून रात्रभर सोडा. पकडीवरच्या नक्षीत घाम आणि चिखल बसतो, तो मऊ ब्रशने काढा. ऑइल फिनिशचा दस्ता पूर्ण सुकल्यावर जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब तळहाताने चोळा आणि जादा पुसून घ्या. व्हार्निशच्या दस्त्याला याची गरज नाही, त्यात तेल मुरतच नाही. जवसाचे तेल लागलेली चिंधी मात्र चुरगळून कचऱ्यात कधीही टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडते आणि बोळ्यात ती कोंडून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी उघड्यावर सपाट पसरून कडक होऊ द्या.

तेल, आणि ठेवणे

नळीच्या आत तेलाचा बोळा एकदा फिरवा. बाहेर तेलकट कापडाने पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धातूला हात लावू नका, घामातले मीठ पुरेसे असते. बाहेरचा काळा-निळा रंग हासुद्धा लोखंडाच्या ऑक्साइडचाच थर आहे. तो एकटा गंज थांबवत नाही, तेल धरून ठेवायला मदत करतो.

तेल जास्त झाले तर ते उभ्या बंदुकीत खाली ओघळते, ॲक्शनमधून दस्त्याच्या लाकडात शिरते, आणि वर्षांनुवर्षे असे झाले की लाकूड मऊ पडते. म्हणून साफ केल्यानंतर पहिले एक-दोन दिवस कपाटात बंदूक तोंड खाली करून ठेवा, तोंडाखाली फोमचा तुकडा असू द्या. खोळीत किंवा फोमच्या पेटीत साठवू नका, दोन्ही ओल धरतात. ओली खोळ पूर्ण उघडून टांगून ठेवा. कपाटात सिलिका जेल ठेवा आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहा. जेल भिजते, त्याला अधूनमधून सुकवावे लागते. आठवड्याने एकदा बंदूक काढून, रिबची कड आणि इजेक्टरच्या खाचा पाहून घ्या. लपलेले पाणी तेवढ्यात स्वतःची जागा दाखवते.

गॅसवर चालणाऱ्या ऑटोलोडरमध्ये पिस्टन आणि गॅसची छिद्रे कार्बनने भरतात, आणि फोरएंडखालच्या मॅगझिन ट्यूबवर गंज लवकर धरतो. ट्यूब कोरडी करून तेलाने जेमतेम पुसा. पिस्टन बहुतेक बंदुकींत कोरडाच बरा, पण यात उत्पादकाची पुस्तिका सांगेल तेच करा.

पुढच्या वेळी मैदानावर जाण्याआधी नळीतले तेल कोरड्या चिंधीने काढा, चेंबर विशेष नीट पुसा, आणि पहिले काडतूस भरण्यापूर्वी दोन्ही नळ्यांतून आरपार पाहा. साफ करताना आत राहून गेलेला चिंधीचा तुकडाही नळी फुगवू शकतो.