बांधावर रानडुक्कर मरून पडलंय? आधी हात बघा

मुरबाड-शहापूरकडे जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली. आता निवृत्त आहे, तरी पावसाळ्यात फोन येतातच. "भाऊ, बांधावर डुक्कर मेलंय, काय करू?" लांब राहा आणि वनखात्याला १९२६ वर कळवा. रानडुकराची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि मेलेलं सापडलेलं जनावरही सरकारजमा. कायद्याचं एवढंच.

असं डुक्कर कापून मांसाचे वाटे घालणाऱ्यांचा सगळा भरवसा चुलीवर. "तासभर रटरटलं की काय राहतंय?" खाणाऱ्यापुरतं ते बरंचसं खरं. मांस आतपर्यंत ७१ अंशांवर गेलं की ट्रायकिनेलाच्या, म्हणजे मांसात राहणाऱ्या एका जंताच्या, अळ्या मरतात. मीठ लावून किंवा धुरावर सुकवून मरतीलच असं नाही. पण कापणाऱ्याच्या हाताला लागतं ते कच्चं रक्त. ब्रुसेलाचे, म्हणजे जनावरांकडून माणसाला होणाऱ्या एका तापाचे, जंतू तिथूनच शिरतात, कातडीच्या चिरेतून, नाहीतर डोळ्यात उडालेल्या थेंबातून. गाभण मादीची पिशवी आणि तिचं पाणी सगळ्यात वाईट. आणि भाताच्या आवणीच्या दिवसांत हातपाय धड कुणाचे असतात? बेचक्या चिखल्यांनी सोललेल्या, बोटाला विळ्याची चीर. लेप्टोला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाला, तर डुकराला शिवायचीही गरज नाही, त्याचं मूत खाचराच्या पाण्यात मिसळलं तरी पुरतं. म्हणून चिखल्या पडलेल्या पायांनी तिथे उतरू नका, गमबूट घाला.

नाकातोंडातून, गुदद्वारातून काळसर, न गोठलेलं रक्त आलं असेल तर फाशी, म्हणजे काळपुळी समजून चाला. तिथे सुरी लावायचीच नाही. धड उघडलं की हवा लागून जंतूंचे बीजाणू होतात आणि ते मातीत कित्येक दशकं टिकतात. पुढे तिथे चरणारी गुरं जातात. कुत्र्या-कावळ्यांना हाकला आणि वनखात्याची माणसं येईपर्यंत राखण करा.

त्यांनी मदतीला बोलावलंच तर गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवा. फवारणीचा असेल तरी चालेल. मोजे काढताना आतली बाजू बाहेर येईल असे उलटे सोला, मग हात साबणाने धुवा. कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

जिवंत डुकराने सुळा मारला किंवा चावलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. हळद नको, चुना नको. मग लगेच सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन्हींचं विचारा.

नंतरच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की डुकराला हात लागला होता. पावसाळ्यात ते आधी मलेरिया-डेंगी बघणार, त्यात चूक काही नाही. पण पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल झालेत म्हटलं की लेप्टोची शंका येते. संध्याकाळी चढणारा ताप, रात्री घाम आणि सांधेदुखी असेल तर ब्रुसेलाची तपासणी करायला सांगा. तो महिन्या-दोन महिन्यांनीही डोकं वर काढतो, तोवर माणूस डुक्कर विसरलेला असतो.

आफ्रिकन स्वाइन फिव्हर माणसाला होत नाही, पण पाळीव डुकरांचा सफाया करतो. आपल्या देशात २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात तो पहिल्यांदा आढळला. बुटाच्या तळव्याला चिकटूनही तो डुकरांच्या वाड्यात पोचतो. म्हणून ज्यांच्याकडे डुकरं आहेत त्यांच्या दारात त्याच गमबुटांनी जाऊ नका. आधी चिखल ब्रशने खरवडा, मग ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवा.