घास अडकतोय? स्कोपीला जाण्याआधीची तयारी

कोरडी पोळी, चिकनचा तुकडा किंवा ठाणे स्टेशनबाहेरचा वडापाव छातीत अडकतो आणि त्यावर वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या चालू आहेत, अशांसाठी हे लिहितेय. कारण इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस असू शकतं. यात ॲलर्जीशी संबंधित इओसिनोफिल पेशी अन्ननलिकेच्या अस्तरात जमतात, सूज येते आणि दुर्लक्ष झालं तर नळी हळूहळू अरुंद होत जाते. निरोगी अन्ननलिकेत या पेशी जवळपास नसतातच. त्या आहेत का हे बघायला स्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, करतात.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्यात आधी हवी ती तुमच्या जेवण्याची खरी हकिकत. ती घरच्यांना विचारून लिहा. ‘गिळायला त्रास होतो का?’ या प्रश्नाला रुग्ण बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतो, कारण त्याने कधीच वाट काढलेली असते: घासागणिक पाणी, पोळी आमटीत भिजवून, पंगतीत सगळ्यांत शेवटी उठणं, बाहेर जेवताना मटण नकोच. हे आईला किंवा बायकोला दिसतं, त्याला स्वतःला नाही. लहान मुलांत घास अडकण्यापेक्षा उलट्या, जेवायची टाळाटाळ, वजन न वाढणं असं दिसतं. दमा, सततच्या शिंका, इसब तुम्हाला किंवा घरात कोणाला असेल तर तेही लिहा.

जुनी स्कोपी झाली असेल तर रिपोर्टात बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी अस्तराचे छोटे तुकडे, घेतली होती का ते बघा. दुर्बिणीतून नळी ठीक दिसली तरी आजार असू शकतो. निदान सूक्ष्मदर्शकाखाली होतं: एका हाय पॉवर फील्डमध्ये, म्हणजे खूप मोठं करून बघताना एका वेळी दिसणाऱ्या भागात, १५ किंवा जास्त इओसिनोफिल. सूज सगळीकडे सारखी नसते, म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून किमान ६ तुकडे घ्यावे लागतात. ‘तुकडे घेणार ना?’ हे आधीच विचारा, त्यात संकोच कसला? बायोप्सीचे पैसे वेगळे लागतात का, तेही.

ॲसिडिटीची गोळी मनाने बंद करू नका, पण चालू आहे हे नक्की सांगा. ती या आजारावरचा एक उपचारही आहे, त्यामुळे पेशी कमी दिसू शकतात. थांबवायची का, किती दिवस, ते डॉक्टर ठरवतील. रक्त पातळ करायच्या आणि साखरेच्या गोळ्यांबद्दलही असंच. किती तास उपाशी राहायचं ते विचारून घ्या. भूल देणार असतील तर सोबत कोणीतरी हवंच, त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी सकाळची वेळ घेतली तर वाहतुकीचा तासभर जास्तीचा धरावा.

शेकडो पदार्थांच्या ॲलर्जी टेस्टचं पॅकेज मात्र राहू द्या. कोणत्या अन्नाने हा आजार भडकतो हे रक्ताच्या किंवा त्वचेच्या चाचणीतून खात्रीने कळत नाही.

आजार भडकवणारे पदार्थ बंद करायचं पथ्य बायोप्सीनंतर, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारूनच. दूध, गहू, अंडी, सोया, दाणे-सुकामेवा आणि मासे हे नेहमीचे सहा संशयित. मोठ्या माणसांत हल्ली बरेचदा फक्त दूध बंद करण्यापासून सुरुवात करतात. तरी स्वयंपाकघर आधीच तपासून ठेवायला हरकत नाही. दूध म्हणजे चहा आणि दहीच नव्हे, बिस्किटातली दूध पावडरही. गहू म्हटलं की पोळी, रवा, पाव, शेवया आठवतात, पण डब्यातल्या हिंगातही बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं आणि आपल्याकडे हिंगाशिवाय फोडणी नाही. दाण्याचं कूट तर कोशिंबिरीपासून साबुदाण्याच्या खिचडीपर्यंत सगळीकडे. पोळीऐवजी भाकरी करणार असाल तर सूज उतरेपर्यंत ती आमटीत कुस्करूनच खा. एरवी भाकरीच अडकायची.

घराजवळ रात्री स्कोपी करणारं रुग्णालय कोणतं, हे आजच फोन करून लिहून ठेवा. घास अडकला आणि थुंकीही गिळता येत नसेल तर वरून पाणी किंवा केळं ढकलू नका. थेट निघा किंवा १०८ लावा.

उपचार म्हणून गिळायचं स्टेरॉइड दिलं तर ते घेतल्यावर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग चूळ भरायची. आणि निघण्याआधी पुढच्या स्कोपीचं विचारा, ती साधारण दोन-तीन महिन्यांनी असते. घास सुरळीत जायला लागला म्हणून ती टाळू नका, त्रास थांबूनही सूज राहिलेली असू शकते.